काठमांडूहून आणलेला निरोप

दिवाळीचा फराळ संपत आला, डब्याच्या तळाशी नुसता शेवेचा चुरा उरला, की आमच्या वरच्या खोलीचं कुलूप काढायचं, हे गेली कित्येक वर्षं ठरलेलं आहे. खोली झाडायची, खिडक्या उघडायच्या, गादी गच्चीवर उन्हात टाकायची. मग चार-आठ दिवसांत दाराशी रिक्षा थांबते. तिच्यातून आधी गठ्ठे उतरतात आणि गठ्ठ्यांच्या मागून ती उतरते. ती म्हणजे आमची स्वेटरवाली. तिबेटी आहे, राहते कर्नाटकात मुंडगोडला, आणि थंडीचे महिने सोलापुरात येऊन स्वेटर विकते.

सोलापुरात थंडी म्हटलं की पुण्याकडचे पाहुणे हसतात. हसा खुशाल! आमच्याकडे सकाळी दोन तास हवा गार असते आणि मग ऊन असं चढतं की अंगावरचं सगळं काढून काखेत धरावं लागतं. पण त्या दोन तासांसाठी सोलापूरकर कानटोपी, मफलर, स्वेटर सगळं चढवून फिरतो, आणि गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या संक्रांतीच्या जत्रेत तर नवा स्वेटर दाखवायलाच जातो. म्हणूनच मैदानावर या तिबेटी लोकांच्या कापडी दुकानांची रांग लागते. माल लुधियानाचा, विकणारे तिबेटी, घेणारे आम्ही.

पहिल्या वर्षी ती खोली बघायला आली तेव्हा आम्ही नाहीच म्हणणार होतो. माझ्या नवऱ्याचं जनावरांच्या पेंडीचं दुकान आहे, पोलीस हा शब्द त्यांना मुळीच मानवत नाही. मला आत बोलावून म्हणाले, "परदेशी बाई हाय. ठाण्यात कळवावं लागतंय. कशाला नसतं लफडं?" मलाही पटलं होतं. तेवढ्यात बाहेर ओट्यावर ती माझ्या सासूबाईंना म्हणाली, "अव्वा, स्वल्प नीरु कोड्री." आई, थोडं पाणी द्या. अगदी धारवाडकडच्या शेतात ऐकावं तसं कानडी.

सासूबाई अक्कलकोटच्या बाजूच्या. मराठी बोलायच्या, पण मनातलं सगळं कानडीत. त्यांनी त्या बसक्या नाकाच्या, लाल गालांच्या बाईकडे एकदा पाहिलं आणि आत हाक मारली, "अगं, ही तर आपली हाय की!" झालं. भाडं ठरायच्या आधी तिचं ताट वाढलेलं होतं. हिमालयापलीकडच्या माणसांची पोर 'आपली' ठरायला आमच्या घरात एवढाच वेळ लागला.

ठाण्यात कुठल्या टेबलावर जायचं, काय दाखवायचं, हे तिनंच आम्हाला सांगितलं. तिच्याजवळ सरकारनं दिलेलं निर्वासिताचं कार्ड होतं आणि जाईल त्या गावी ते दाखवायची तिला सवय होती. तिथल्या हवालदारानं सहज विचारलं, "चीनच्या का तुमी?" माझं डोकं फिरलं. मी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला. तिथल्या तिथं तास घेणार होते, पण नवऱ्यानं पदराला हिसका दिला. ती मात्र शांतपणे म्हणाली, "न्हाय साहेब, मुंडगोडची." हवालदारानं मान डोलावली आणि तिला बसायला खुर्ची दिली.

तिच्या आईचं मला कळलं ते एका संक्रांतीला. आम्ही तिघी तीळ निवडत बसलो होतो आणि सासूबाईंनी विचारलं, तुझं माहेर कुठलं गं? तेव्हा तिनं सांगितलं. आईवडील डोंगर ओलांडून नेपाळात आले. ती तिकडेच, काठमांडूत जन्मली. आई गालिचे विणायची. वडील लवकर गेले, खाणारी तोंडं फार, म्हणून दुधाचे दात पडायच्या वयात तिला मुंडगोडच्या मामाकडे धाडलं. इथं शाळा होती, मक्याची शेतं होती, शेतात कानडी बायका होत्या. ती शिकली, वाढली, लग्न झालं, मुलं झाली. आई तिकडे राहिली ती राहिलीच.

"मग जात का न्हाईस?" सासूबाईंनी विचारलं.

तिनं सुपातले खडे बाजूला सारत सगळं समजावून सांगितलं. मीही ऐकत होते, आणि ऐकता ऐकता मला माझाच फळा आठवत होता. भारत-नेपाळ सीमा खुली आहे, असं मी दर वर्षी त्या फळ्यावर लिहीत आले आणि पोरं वहीत उतरवत आली. खुली आहे, खोटं नाही. आपण मतदानाचं ओळखपत्र दाखवायचं आणि पलीकडे जायचं, शेजारणीकडे विरजण आणायला जावं तसं. पण ती सीमा आपल्याला खुली आणि नेपाळी माणसाला खुली. हिच्यासारख्यांना नाही. हिला इथून बाहेर पडायला परवानगी हवी, परत आत यायला परवानगी हवी, आणि तिकडच्या सरकारनं आत घ्यायला हवं. आपल्या देशानं यांना जमीन दिली, शाळा दिल्या, कार्ड दिलं. ते अधूनमधून नवं करून घ्यायचं. नेपाळनं जुन्या आलेल्यांना कार्डं दिली आणि मग देणंच थांबवलं. म्हणजे तिच्या आईजवळ कार्ड आहे, पण भावाचा मुलगा तिकडेच जन्मला, तिकडेच वाढला, त्याच्याजवळ काहीच नाही. अशा माणसांसाठी वेगळा कायदा ना या देशात ना त्या देशात. वरून जो हुकूम येईल, तो त्या वर्षीचा नियम.

थोरला मुलगा कडेवर असताना एकदा ती बसनं गेली होती. तेव्हा कुणी विचारलं नाही. पुढच्या खेपेला सीमेवरून परत पाठवलं. मग हिंमत झाली नाही. कार्डच गेलं तर मुलांचं काय होईल, ही धास्ती. आता निर्वासितांना पासपोर्टऐवजी मिळतं त्या प्रवासाच्या पिवळ्या पुस्तकासाठी रीतसर अर्ज केला होता, पण जुन्या कार्डावर जन्मगाव मुंडगोड पडलेलं, ते दुरुस्त करून आणा म्हणून तो परत आला होता. आई थकत चालली होती.

मला राग लवकर येतो. कुकरच्या आधी माझी शिट्टी होते, असं आमचे हे म्हणतात. मी तिथंच सुरू झाले, हा काय न्याय आहे, माणसं आहेत की टपालाची पाकिटं! तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "अक्का, असं नका म्हणू. या देशानं मला शेत दिलं, शाळा दिली. मी रोज सकाळी हात जोडते. मला काय नको. फक्त आईला भेटायचं हाय."

"मोबाइलवर दिसते की रोज," मी म्हणाले. समजूत घालायला आपण काहीही बोलतो.

"दिसते," ती म्हणाली, "पण हात लागत न्हाय की."

पुढे एका पावसाळ्यात सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि मराठी गेलं. अगदी पुसून गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, लहानपणची भाषा तेवढी राहते. राहिली ती कानडी. आणि मी वैरागची! लिंगायत असूनही माझ्या माहेरी सगळा कारभार मराठीत. इतकी वर्षं या घरात काढली, पण ये, जा, पाणी, जेवण याच्यापुढे माझं कानडी गेलं नाही. सासूबाई मराठी बोलत होत्या, मग गरज तरी कुठं पडली? नवरा दिवसभर दुकानात. घरात आम्ही दोघी. त्या काहीतरी एकच मागत राहायच्या, रोज, डाव्या हातानं खूण करून. मी पाणी द्यायची. नाही. चादर बदलायची. नाही. बेडपॅन आणायची. मग त्या संतापून रडायच्या, मी त्यांच्यावर ओरडायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्यापेक्षा जास्त रडायची. नवऱ्याला कानडी येतं, पण रात्री त्यांना विचारायला लावावं तर त्यांच्यापुढे त्या गप्प. मुलापुढे अशक्तपणा दाखवायची त्यांना लाज वाटत असावी.

दिवाळी झाली. रिक्षा आली. तिनं गठ्ठे जिन्यात टाकले आणि तशीच चपला काढून सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन बसली. काय बोलली कोण जाणे, पण सासूबाई जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. अर्धं तोंड वाकडं, अर्धे शब्द तुटके, पण धार लागली होती. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी.

मग ती माझ्याकडे वळली. "अक्का, अव्वा म्हणालेत, पलंग फिरवा. त्यांचं तोंड भिंतीकडं हाय. दारातून कोण येतंय, कोण जातंय, काय दिसत न्हाय म्हणालेत."

एवढंच होतं ते! आम्ही दोघींनी तिथल्या तिथं पलंग फिरवला. सासूबाईंनी उघड्या दारातून रस्ता बघितला, समोरच्या किराणावाल्याला बघितलं, आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

त्या हिवाळ्यात ती नसती तर आमच्या घराचं काय झालं असतं, याचा विचार आजही मला करवत नाही. सकाळी दुकानावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर ती पलंगाशी बसायची, आणि आम्ही सासू-सून तिच्या तोंडून बोलायचो. भांडायचोसुद्धा.

"अव्वा म्हणालेत, आमटीत मीठ न्हाय."

"हे त्या म्हणालेत का तू म्हणालीस?"

"दोघी म्हणालाव," ती म्हणायची आणि सासूबाई वाकड्या तोंडानं हसायच्या.

आणि एकदा, मी त्यांचे पाय चेपत होते, तेव्हा त्या काहीतरी पुटपुटल्या. ती म्हणाली, "अक्का, अव्वा म्हणालेत, ही लई चिडते, पण हिचा हात मऊ हाय. माझ्या लेकीनं केलं नसतं एवढं केलं म्हणालेत." सासूबाईंनी मराठी येत होतं तोवर माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. आमच्यात तशी पद्धतच नव्हती. ते वाक्य मला मुंडगोडच्या एका तिबेटी बाईच्या तोंडून मिळालं, आणि ते मिळालं म्हणून मी आज सासूबाईंची आठवण काढताना कडू होत नाही. या उपकाराची फेड नाही.

संध्याकाळी ती त्यांचे केस विंचरायची. माझं विंचरणं त्यांना पसंत नव्हतं. माझे हात धसमुसळे. ती सावकाश, टाळूपासून शेंड्यापर्यंत फणी न्यायची. फणी खाली आली की सासूबाई म्हणायच्या, "इन्नोंद सल."

"पुन्हा एकदा म्हणालेत," ती मला सांगायची आणि पुन्हा फणी टाळूवर ठेवायची. कितीदा तरी चालायचं ते. एकदा विंचरता विंचरता ती म्हणाली, "माझ्या आईचे केस मी कधी विंचरलेच न्हाईत, अक्का. मी लहान होते, तीच माझे विंचरायची."

गड्ड्याची जत्रा भरली होती तेव्हा सासूबाई गेल्या. तिच्या धंद्याचे तेच खरे दिवस, पण तिनं दुकान झाकलं आणि घरी बसली. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून निरोप देतात. भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती लावून सासूबाईंना बसवलं, तेव्हा शेवटचे केस तिनंच विंचरले. जमलेल्या बायकांनी तिला जागा करून दिली.

नंतर उन्हाळा लागायच्या आधी नवरा म्हणाला, "आईला पशुपतिनाथ करायचा होता. राहून गेला. आपण तरी जाऊन येऊ की." सोलापुरातून यात्रेची बस निघत होती. मी दोघांची नावं नोंदवली आणि लगेच मुंडगोडला फोन लावला. काठमांडूला निघाल्याचं सांगितलं. मी म्हटलं, "काय न्यायचं सांग. कपडे, औषधं, काहीही सांग."

"काय नको, अक्का," ती म्हणाली. "तिचे केस धुऊन विंचरा. दोन वेण्या घाला. तेवढं माझं राहिलंय."

सीमेवर आमची बस थांबली. तिथल्या माणसानं नवऱ्याचं ओळखपत्र बघितलं, माझं बघितलं. माझ्या ओळखपत्रावरचा फोटो माझ्या आईनंही ओळखला नसता. त्यानं ओळखला. पिशवीत काय, म्हणाला. मी कडक भाकरी काढून दाखवली. त्यानं बोटानं टकटक वाजवून बघितली, हसला आणि हात हलवला, जा. झालं! गेलो आम्ही पलीकडे. मला आनंद व्हायला हवा होता, पण असा संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या सोलापूरच्या भाकरीला कुणी अडवलं नाही, आणि पोटची लेक मात्र इथून परत गेली होती.

काठमांडूत तिचा भाचा आम्हाला न्यायला आला. तोच, ज्याच्याजवळ कसलंही कार्ड नाही तो. चांगलं हिंदी बोलणारा, हसरा मुलगा, हॉटेलात काम करतो. अरुंद जिना चढून एका खोलीत गेलो. खिडकीशी एक एवढीशी म्हातारी बसली होती, ओंजळीत मावेल अशी. मी सोलापुरी चादर तिच्या मांडीवर ठेवली. तिनं आधी ती उलटी करून मागची बाजू बघितली, जन्मभर विणकाम केलेलं माणूस, आणि मग खूश होऊन गुडघ्यांवर पसरली.

मग मी मोठ्या ऐटीत भाकरी काढल्या. कडक भाकरी म्हणजे ज्वारीचा पापडच. महिना महिना टिकते, चावताना शेजारच्या घरात आवाज जातो. म्हातारी हसली आणि मला दिसलं, तिच्या तोंडात एकही दात नव्हता. मेले मी! एवढा हजार मैल वाहून आणलेला आहेर, आणि दातांचा विचार नाही. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "आता शेंगदाण्याची चटणी काढ, म्हणजे झालं." पण म्हातारीनं भाकरीचा तुकडा मोडला, आपल्या लोणी-मीठ घातलेल्या तिबेटी चहाच्या वाटीत चुरला, बोटानं दाबला आणि भिजल्यावर चाटून खाल्ला. आमच्या सासूबाई दुधात चुरून खायच्या, अगदी तशीच. मला तिथं फार बरं वाटलं.

भाच्यानं पाणी तापवलं. मोबाइल खिडकीत उभा केला. पडद्यावर मुंडगोडहून ती बघत होती. मी पदर खोचला आणि म्हातारीचे केस धुतले. पांढरे, विरळ, पण लांब. पुसले, सुकवले, आणि फणी घेऊन टाळूपासून शेंड्यापर्यंत सावकाश नेली. माझे धसमुसळे हात त्या दिवशी मी कसे आवरले ते माझं मला माहीत. "भांग मधे घ्या, अक्का," ती मोबाइलमधून सांगत होती. "जरा डावीकडं. व्हय, तिथं." दुसरी वेणी अर्धी झाली तेव्हा तिचा आवाज थांबला. बघितलं तर पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. तिनं मोबाइल खाली ठेवला होता.

वेण्या झाल्या. म्हातारीनं त्या पुढे घेऊन चाचपल्या. मग माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, पुढे ओढलं आणि आपलं कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. तशीच राहिली. त्यांच्यात जिव्हाळ्याच्या माणसाला असं भेटतात. तिनं काहीतरी सांगितलं. भाचा माझ्याकडे बघून जरा संकोचानं म्हणाला, "आजी म्हणते, हे तुम्हाला नाही. हे तिला पोचवायचं आहे."

मी निघाले ती जोखीम घेऊन. आमच्यात रोज आंघोळीनंतर कपाळाला विभूतीचे पट्टे ओढतात. परतीच्या वाटेवर आणि पुढेही बरेच दिवस विभूती लावताना माझा हात जरा घुटमळायचा. नवरा आरशात बघून म्हणायचा, "कपाळ धुवालीस का न्हाय?" मी म्हणायची, "तुम्हाला काय करायचंय? ते माझं नाही." ते हसायचे.

पावसाळा गेला. तिचं पिवळं पुस्तक काही आलं नाही; जन्मगाव दुरुस्त झालं, आता आणखी कसलीतरी चौकशी बाकी होती. दिवाळी झाली. मी खोली झाडली, गादी उन्हात टाकली. एके दिवशी दुपारी रिक्षा थांबली. गठ्ठे उतरले, मागून ती उतरली. केस जास्त पांढरे झालेले. "बऱ्या हाव का, अक्का?" म्हणत ती पहिला गठ्ठा उचलायला वाकली.

मी तिला उचलू दिलं नाही. तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाला कपाळ टेकवलं. तिला काही सांगावं लागलं नाही. तिचे हात माझ्या मनगटांवर आले आणि घट्ट झाले. रिक्षावाला भाड्यासाठी उभा होता, समोरचा किराणावाला बघत होता. बघू देत. बराच वेळ गेल्यावर, पोचलं एकदाचं, असं वाटून मी मागे सरायला लागले.

तिनं मनगटं सोडली नाहीत. डोळे मिटलेलेच होते.

"इन्नोंद सल," ती म्हणाली.

एवढं कानडी मला आता येतं. मी पुन्हा कपाळ टेकवलं.